शेंपूट, नळी आणि कुत्रा

कुत्र्याचें शेंपूट नळींत घातलें तरी वाकडें तें वाकडेंच, ही म्हण मराठी माणूस मोठ्या खात्रीनें उच्चारतो आणि ती उच्चारतांना एखाद्या न सुधारणाऱ्या मनुष्याकडे बोट दाखवितो. परंतु या म्हणींतील एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. शेंपूट नळींत घालण्याचा खटाटोप करणारा जो कोणी गृहस्थ तिच्यांत आहे, त्याला दोष देण्याचें या म्हणीच्या कर्त्यास मुळींच सुचलें नाहीं. शेंपूट सरळ कशासाठीं व्हावयास पाहिजे, तें वाकडें असल्यानें कोणाचें काय अडलें, आणि नळींत असतां त्या शेंपटाच्या मालकाला काय वाटत असेल, हे प्रश्न त्या काळीं कोणाला पडले नाहींत. आणि ठाणें, कल्याण, डोंबिवली या आमच्या शहरांत कुत्र्यांना 'वळण लावण्याचा' जो धंदा आज भरभराटीस आला आहे तो पाहतां, ते आजहि पडत असल्याचें दिसत नाहीं. नळी मात्र पुष्कळ सुधारली आहे. पूर्वीं ती बांबूची असे. आतां ती कांट्यांच्या पट्ट्याची, विजेचा झटका देणाऱ्या यंत्राची आणि एका महिन्यांत कुत्रा आज्ञाधारक करून देण्याच्या हमीची झाली आहे.

आमचें म्हणणें प्रारंभींच सांगून ठेवितों. घरांतल्या कुत्र्याचा अवगुण म्हणून जो दाखविला जातो, म्हणजे तो भुंकतो, ओढतो, कुरतडतो, अंगावर येतो, क्वचित् चावतो, तो बहुधा त्या एकट्या कुत्र्याचा अवगुण नसतो. त्याला आईच्या कुशींतून केव्हां ओढून काढलें हें त्यांत असतें, त्याच्या हाडासांध्यांतलें दुखणें असतें, त्याला झोंप किती मिळते हें असतें, घरांतलीं माणसें एकमेकांशीं कोणत्या आवाजांत बोलतात हें असतें, आणि तें घर कोणत्या शहरांत, कितव्या मजल्यावर आहे हेंहि असतें. हें सारें सोडून नुसत्या भुंकण्यावर उपाय करणें म्हणजे दुखणें म्हशीला आणि डाग पखालीला. तापानें फणफणलेल्या रोग्याचें कपाळ पुसून 'ताप उतरला' असें सांगणाऱ्या वैद्याला आपण दारांत उभें करणार नाहीं. पण तेंच कुत्र्याच्या बाबतींत करणाऱ्याला महिन्याचे पैसे आगाऊ मोजतों.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यास आली आणि पुढच्याच वर्षीं रूळ कल्याणपर्यंत गेले. तेव्हांपासून या बाजूच्या माणसांचें जिणें वेळापत्रकाच्या हातीं गेलें, हें आपण जाणतोंच. कुत्र्यांचें जिणेंहि त्याच हातीं गेलें आहे, हें मात्र आपल्या गांवींहि नाहीं. डोंबिवलीच्या फ्लॅटमधील नवराबायको सकाळीं सातच्या सुमारास लोकल गाठावयास बाहेर पडतात आणि संध्याकाळीं आठनंतर परततात. मुलें शाळेंत आणि शाळेंतून क्लासांत. तो प्राणी बारा-तेरा तास दोन खोल्यांत, लघवी तुंबवून, दाराबाहेरच्या प्रत्येक पावलाकडे कान लावून असतो. धनी परतला म्हणजे त्याला घाईघाईनें खालीं नेतात आणि मोटारी उभ्या असलेल्या फरसबंद आवारांत दहा मिनिटें दोरी ओढीत फिरवितात. एखाद्या खांबाशीं तो हुंगावयास थांबला कीं 'चल, चल' म्हणून मानेला हिसका. कुत्र्याचें हुंगणें म्हणजे आमचें सकाळचें वर्तमानपत्र होय. तें हातांतून हिसकावून घेणाऱ्याशीं आपण कसे वागलों असतों? असा कुत्रा पुढें उशा फाडतो, दाराची चौकट कुरतडतो, एकटा असतां केंकाटतो. शेजारी सेक्रेटरीकडे तक्रार करतात. मग ट्रेनर म्हणविणारा गृहस्थ येतो, आणि तो येऊन काय करतो, तर कुत्र्याला बसावयास शिकवितो! बारा तास बसून असलेल्या प्राण्यास आणखी बसावयास शिकवून त्याचा रोग बरा होणार आहे, असें मानणाऱ्या बुद्धीला काय म्हणावें तें वाचकांनींच ठरवावें.

हा झाला दिनक्रम. त्याच्याहि आधींची गोष्ट म्हणजे कुत्रा कोणता आणि कसा घरांत आला ही. सैबेरियांतील बर्फावर घसरगाड्या ओढण्यासाठीं निपजविलेला हस्की, अंगावर दुहेरी लोकर घेऊन, मे महिन्याच्या दमट उकाड्यांत चौथ्या मजल्यावरील गॅलरींत धापा टाकीत उभा असलेला आम्हीं पाहिला आहे. त्याच्या धन्याची तक्रार अशी कीं, हा ऐकत नाहीं. २००३ च्या सुमारास हच कंपनीच्या जाहिरातींत एका मुलाच्या मागोमाग चालणारें पग जातीचें कुत्रें साऱ्या देशानें पाहिलें आणि घरोघर पग आले. त्या चपट्या नाकाच्या प्राण्याला नीट श्वास घेतां येत नाहीं, हें जाहिरातींत दिसत नव्हतें. घोरणाऱ्या, दमणाऱ्या, धड झोंप न मिळणाऱ्या जीवाकडून शांत स्वभावाची अपेक्षा करणाऱ्यानें स्वतः एक रात्र नाक चिमटींत धरून काढून पाहावी.

पिलांचा व्यापार याहूनहि वाईट. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें आठ आठवड्यांहून लहान पिलूं विकण्यास मनाई आहे. परंतु अजून आईच्या अंगावर पिणारीं पिलें 'पंचेचाळीस दिवसांचें आहे' असें सांगून सर्रास हातीं दिलीं जातात. आणि पंचेचाळीस दिवस म्हणजेहि आठ आठवडे नव्हेत, एवढा हिशेब पदवीधर गिऱ्हाइकाला सुचत नाहीं. स्कॉट आणि फुलर या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं मेन राज्यांतील बार हार्बर येथें पांच जातींच्या कुत्र्यांवर अनेक वर्षें प्रयोग केले आणि १९६५ सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पिलाच्या आयुष्याचा सुमारें तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांमधील काळ असा कीं, त्यांत जें पाहिलें, ऐकलें, हुंगलें तें त्याला जन्मभर आपलें वाटतें आणि जें त्यांत आलें नाहीं त्याचें भय वाटत राहतें, हा त्यांच्या संशोधनाचा भावार्थ आहे. भावंडांशीं खेळतांना दांत किती जोरानें लावावा हें पिलूं याच काळांत शिकतें. आपण करतों काय? तें शिकण्याच्या ऐन वेळीं त्याला भावंडांपासून तोडतों आणि नंतर लसी पुऱ्या होईपर्यंत घरांत कोंडतों. लसीपूर्वीं रोगाची भीति खरी आहे, ती थट्टेवारी नेण्याजोगी नाहीं. पण बाहेर नेणें म्हणजे जमिनीवर सोडणेंच काय? खांद्यावर घेऊन त्याला रिक्षांचा खडखडाट, छत्री उघडलेला माणूस, बुरखा घेतलेली बाई, काठी टेकणारे आजोबा, स्थानकावरची गर्दी दुरून दाखवितां येते. त्याला खर्च कांहींच नाहीं. म्हणूनच बहुधा तें कोणी सांगत नसावें.

आतां घराच्या भाषेकडे वळूं. आम्ही आयुष्यभर इंग्रजी शिकवीत आलों, तेव्हां त्या भाषेशीं आमचें वैर असण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या घरांत सकाळीं हरिपाठ होतो त्या घरांतहि कुत्र्याशीं बोलावयाचें तें इंग्रजींतच, हा काय प्रकार आहे हें आम्हांस अद्यापि उमगलेलें नाहीं. 'बस' या शब्दानें कुत्रा बसत नाहीं आणि 'सिट' म्हटल्यानें बसतो, असें थोडेंच आहे? तरी तेंहि एक वेळ चालेल. खरी अडचण अशी कीं, सोफ्यावर चढलेल्या कुत्र्याला वडील 'डाउन' म्हणतात, आई 'उतर खालीं' म्हणते, मुलगा 'ऑफ' म्हणतो, आणि आजी 'हट् मेल्या' म्हणून दुसऱ्या हातानें त्याला पोळीचा तुकडा देतात. चार गुरूंचा हा एक शिष्य. त्यांतले तीन गुरु रागावतात, एक खाऊ घालतो. मग शिष्यानें कोणाचें मानावें? यांत कुत्र्याची बुद्धि अगदीं शाबूत आहे. बिघाड आहे तो घराच्या कारभारांत. परंतु ट्रेनर कुत्र्याला वेगळा काढून खालीं आवारांत नेतो, शिकवितो, आणि पुन्हां त्याच चौघां गुरूंच्या स्वाधीन करतो. वडील मंडळी त्या वेळीं वर बसून बातम्या पाहत असतात.

या शिक्षणाच्या मुळाशीं एक सिद्धांत आहे आणि तो मोठ्या अधिकारवाणीनें सांगितला जातो. कुत्रा हा लांडग्याचा वंशज. लांडग्यांच्या कळपांत एक राजा असतो व बाकीचे त्याच्या धाकांत राहतात. म्हणून कुत्र्याला घराचा राजा कोण हें दाखवून द्यावें, त्याच्या आधीं जेवावें, दारांतून त्याच्या आधीं बाहेर पडावें, आणि तो गुरगुरला तर त्याला उताणा पाडून नरम येईपर्यंत दाबून धरावें. या सिद्धांताची वंशावळ पाहण्याजोगी आहे. रुडोल्फ शेंकेल यांनीं बासेलच्या प्राणिसंग्रहालयांत कोंडलेल्या लांडग्यांचें निरीक्षण करून १९४७ सालीं जो निबंध लिहिला, त्यांतून ही राजेशाही निघाली. लांडग्यांचे प्रसिद्ध अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकानें ती जगभर नेली. पुढें त्याच मेक यांनीं मोकळ्या रानांतील लांडगे वर्षानुवर्षें पाहिले आणि १९९९ सालीं लिहिलें कीं, रानांतला कळप म्हणजे बहुधा एक आईबाप आणि त्यांचीं पोरें, इतकेंच असतें. तेथें राज्यासाठीं लढाई नाहीं, आईबाप पुढें चालतात आणि पोरें मागें येतात. कोंडलेल्या, एकमेकांस परक्या अशा प्राण्यांवरून कुटुंबाचा स्वभाव ठरविणें म्हणजे सकाळीं कल्याणहून सुटणाऱ्या लोकलच्या डब्यांतील धक्काबुक्की पाहून मराठी माणसाच्या गृहस्थाश्रमावर ग्रंथ लिहिण्यासारखें आहे. मूळ पुरस्कर्त्यानेंच टाकून दिलेलें मत आमच्याकडे अजून घरोघर विकलें जातें, आणि आमचे सुशिक्षित लोक तें विकत घेतात. कारण त्यांत आपल्याला राजा म्हटलेलें असतें.

माराविषयीं आतां सविस्तर लिहिणें प्राप्त आहे, कारण मुख्य वाद तेथेंच आहे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंतल्या मुलावर छडी उगारणें बंद झालें. ती छडी शाळेंतून निघाली ती कुत्र्याच्या पाठीवर येऊन बसली. मार खाल्लेला कुत्रा गप्प होतो हें आम्ही नाकारीत नाहीं. प्रश्न असा कीं, गप्प होऊन तो काय शिकतो? पाव्हलाव्ह या रशियन शास्त्रज्ञानें कुत्र्यांवरच प्रयोग करून दाखविलें कीं, दोन गोष्टी वारंवार लागोपाठ घडल्या म्हणजे प्राण्याच्या शरीरांत त्यांची सांगड बसते, पहिली आली कीं दुसरीची तयारी आपोआप होते. आतां रस्त्यावरचें दृश्य पाहा. आपला कुत्रा दुसऱ्या कुत्र्याला पाहून भुंकतो. धनी कांट्यांच्या पट्ट्याला हिसका देतो. मानेंत कळ उठते. असें वीस वेळां झालें म्हणजे कुत्र्याच्या मनांत कोणती सांगड बसेल? 'मीं भुंकूं नये' ही, कीं 'दुसरा कुत्रा दिसला कीं मानेंत कळ येते' ही? दुसरी बसली तर पुढच्या वेळीं तो त्या दुसऱ्या कुत्र्याला पळवून लावण्यासाठीं अधिकच त्वेषानें भुंकेल. धनी म्हणतो, हा दिवसेंदिवस बिघडत चालला आहे, आणि हिसका वाढवितो.

हा नुसता तर्क नव्हे. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यांनीं वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या धन्यांना विचारून, कोणत्या उपायाचा काय परिणाम झाला हें २००९ सालीं प्रसिद्ध केलें. ज्यांनीं कुत्र्याला मारलें किंवा लाथ घातली होती त्यांच्यापैकीं ४३ टक्के लोकांनीं, आणि ज्यांनीं उताणा पाडून धरला होता त्यांच्यापैकीं ३१ टक्के लोकांनीं, कुत्रा उलट अंगावर आल्याचें सांगितलें. त्याच देशांतील पशुवर्तनाच्या वैद्यांच्या संस्थेनें २०२१ सालीं आपलें मत जाहीर केलें तें असें कीं, कुत्र्याला शिकवावयाचें तें बक्षिसानेंच शिकवावें, मग तो कितीहि आक्रमक असो.

गुरगुरण्याबद्दल तर आमच्या घरोघर विलक्षण गैरसमज आहे. गुरगुरणें ही कुत्र्याची नोटीस होय. 'मला भय वाटतें, दूर व्हा' एवढेंच तो सांगतो. त्याच्याहि आधीं तो मान फिरवितो, ओठ चाटतो, जांभई देतो, डोळ्याचा पांढरा भाग दाखवितो; तें वाचावयास आपण शिकलेलों नसतों. नोटीस दिली म्हणून मारलें तर तो नोटीस देणें सोडतो; भय जागच्या जागीं राहतें. मग एके दिवशीं 'कांहीं कारण नसतांना, एकदम' चावतो. वर्तमानपत्रांत आणि सोसायटीच्या सभेंत हा 'एकदम' शब्द फार ऐकूं येतो. तो एकदम नसतो, त्याची प्रस्तावना आपणच फाडून टाकलेली असते. अपराधी चेहऱ्याचेंहि तसेंच. घरांत घाण करून कुत्रा अपराध्यासारखा बसतो, म्हणजे त्याला आपली चूक कळते, असें सगळे सांगतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषीनें २००९ सालीं हें तपासून पाहिलें, तेव्हां तो चेहरा अपराध केलेल्या आणि न केलेल्या कुत्र्यांवर सारखाच उमटला. उमटला तो धनी रागें भरला त्या वेळीं. तेव्हां तो चेहरा कबुलीजबाब नसून आपल्या मुद्रेचें उत्तर आहे.

यावर कोणी पोलिसांच्या कुत्र्यांचा दाखला देतील. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळीं मुंबईंत स्फोटकें हुंगून काढणारा जंजीर हा लॅब्राडोर कोणाला आठवत नाहीं? तें कडक शिस्तीशिवाय होतें काय, असा प्रश्न येतो. अवश्य यावा. पण त्या कुत्र्याच्या आयुष्यांत आणखी काय होतें तेंहि पाहावें. त्याला सांभाळणारीं ठरलेलीं माणसें असतात, ठरलेल्या वेळीं आहार, ठरलेला व्यायाम, आजारपणांत डॉक्टर. आणि ज्या नाकासाठीं निसर्गानें त्याला घडविलें त्या नाकाला रोज काम. आमचे गृहस्थ या सगळ्यांतून फक्त दरडावणी उचलतात. पोलिसी कुत्र्याची नोकरी द्यावयाची नाहीं, पगार द्यावयाचा नाहीं, आणि कवाईत तेवढी करून घ्यावयाची!

शरीराची गोष्ट तर सर्वांत आधीं विचारावयाची. ती सर्वांत शेवटीं विचारली जाते. आमच्या परिचयाच्या एका डोंबिवलीकर कुटुंबांत नऊ वर्षांचा लॅब्राडोर होता. आठ वर्षें ज्यानें कोणाला ओरखडाहि काढला नाहीं तो घरांतल्या लहान मुलीवर गुरगुरूं लागला आणि एकदां तिच्या मनगटाला त्यानें दांत लावला. बोलावलेल्या ट्रेनरनें, 'हा आतां मुलीच्या वरचढ होऊं पाहतो' असें निदान केलें आणि त्याला तिच्या हातून दाबून धरविण्याचा धडा सुरू केला. तीन आठवड्यांनीं कुत्रा त्या मुलीच्या पावलांच्या आवाजानें पलंगाखालीं शिरूं लागला. शेवटीं कोणाच्या तरी सांगण्यावरून कंबरेचें एक्सरे चित्र काढलें, तों दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले निघाले. मुलगी प्रेमानें त्याच्या कंबरेवर रेलून बसत असे. एवढाच तो वरचढपणा. इंग्लंडांतील लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स व त्यांचे सहकारी यांनीं २०२० सालीं लिहिलें कीं, वर्तनाची तक्रार म्हणून त्यांच्याकडे पाठविलेल्या प्राण्यांपैकीं, कमींत कमी धरलें तरी, सुमारें एकतृतीयांश प्राण्यांत कांहीं ना कांहीं वेदना आढळते. कान सडलेला असतो, दांत किडलेला असतो, पोट बिघडलेलें असतें, अंगाला सारखी खाज सुटलेली असते. परळचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. पशुवैद्य ही वस्तु या बाजूस कालपरवां आलेली नाहीं. तरी कुत्रा चावूं लागला म्हणजे आपण आधीं ज्याच्याकडे जातों, त्याला आपला धंदा करण्यासाठीं कोणत्याहि परीक्षेचा दाखला लागत नाहीं.

'समग्र' या शब्दाचाहि आतां बाजार मांडला गेला आहे, म्हणून त्याविषयीं दोन शब्द. फटाक्यांना भिणाऱ्या कुत्र्याच्या पाण्यांत फुलांच्या अर्काचे थेंब टाका, त्याच्या पलंगाखालीं स्फटिक ठेवा, दुरून हात फिरवून त्याची 'ऊर्जा' शुद्ध करा, हेंहि समग्र उपचार म्हणून विकलें जातें. त्या फुलांच्या थेंबांची माणसांवर जेथें नीट परीक्षा झाली तेथें ते औषधाविना दिलेल्या पाण्याहून सरस ठरले नाहींत. आणि दिवाळीच्या पहांटे फडके रोडवर जो धूमधडाका होतो त्यानें गच्चींतल्या कुत्र्याच्या छातींत जी धडधड भरते, ती चार थेंबांनीं जाईल असें समजणें ही त्या प्राण्याची क्रूर थट्टा आहे. सगळें पाहणें म्हणजे वाटेल तें मानणें नव्हे. तसेंच वाढदिवसाला केक आणि अंगात झबलें घालून कुत्र्याला मूल करणाऱ्यांचें. त्यांचा लोभ खरा असतो, पण ते ज्याच्यावर लोभ करतात तो कुत्रा नसतो.

मग करावें काय? फार अवघड असें कांहीं नाहीं, फक्त तें धन्यानें स्वतः करावयाचें आहे. प्रथम डॉक्टरकडून कान, दांत, सांधे, कातडी, पोट तपासून घ्यावें. पंधरा दिवस वहींत लिहून ठेवावें, कीं तो केव्हां, कोठें, कशावर भुंकला, त्याआधीं काय घडलें, नंतर आपण काय केलें. मूळ बहुतेक त्या वहींतच सांपडतें. घरांत त्याची एक जागा अशी असावी कीं, तेथें गेला म्हणजे त्याला पाहुण्यानें नाहीं, मुलानें नाहीं, कोणीहि हात लावावयाचा नाहीं. कुत्र्याला दिवसाच्या अर्ध्याहून अधिक वेळ विश्रांति लागते आणि टीव्हीसमोरच्या गादीवर ती मिळत नाहीं. सकाळीं अर्धा तास आवाराबाहेरच्या मातीगवतांत त्याच्या चालीनें चालावें, त्याला हुंगूं द्यावें. दुपारीं कोणी शेजारी किंवा पगारी माणूस त्याला खालीं नेईल अशी सोय करावी, आणि ती होत नसेल तर कुत्रा आणूं नये. रोजचें खाणें ताटलींत ओतण्यापेक्षां जुन्या गोणपाटाच्या घड्यांत लपवून शोधावयास द्यावें. नाकाला काम मिळालें म्हणजे दांत स्वस्थ बसतात. शब्द घरांत सर्वांचे एक असावेत. चांगलें केलेलें त्याच क्षणीं गोड करावें. ज्याचें भय आहे तें इतक्या दूर ठेवावें कीं तें दिसूनहि तो खाऊं शकेल, आणि मग महिन्या-दोन महिन्यांत पावलापावलानें जवळ आणावें. चावण्याचा धोका असेल तर मुसकें घालण्याची संवय आधींच खाऊ देऊन लावावी, आणि भय फारच खोल असेल तर डॉक्टरनें दिलेलें औषध घ्यावयास लाजूं नये.

कोलकात्याजवळच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी आपल्या देशांतील रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. अनोळखी माणसावर विश्वास बसण्यास वारंवार दिलेल्या खाण्यापेक्षांहि वारंवार कुरवाळणें अधिक उपयोगीं पडतें, असें त्यांना २०१७ सालीं आढळलें. ज्यांना आपण दगड मारतों त्यांच्याविषयींचा हा शोध आहे, हें लक्षांत असूं द्यावें.

कारण घरांतल्या कुत्र्याची गोष्ट घरांत संपत नाहीं. न सुधारलेला कुत्रा पुढें जातो कोठें? रात्रीं मोटारींतून नेऊन कोठल्या तरी आडवाटेला सोडला जातो. येऊरच्या रानांत सोडणाऱ्यांनीं निदान एवढें ध्यानांत ठेवावें कीं, संजय गांधी उद्यानांतील बिबट्यांच्या आहारांत कुत्र्यांचा वांटा मोठा असल्याचें अभ्यासकांनीं दाखविलें आहे. प्राण्याला असें वाऱ्यावर सोडणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे, आणि त्या कायद्यांत पहिल्या अपराधास दंड लिहिला आहे तो दहा ते पन्नास रुपये. डोंबिवली स्थानकाबाहेर दोन-तीन वडापाव येतील इतका. रस्त्यावरच्या कुत्र्याची गोष्ट तर याहून गंभीर झाली आहे. सर्वोच्च न्यायालयानें २२ ऑगस्ट २०२५ रोजीं सांगितलें कीं, निर्बीजीकरण करून व लस टोंचून कुत्रीं मूळ जागीं सोडावींत, पिसाळलेलीं किंवा आक्रमक असतील तीं मात्र सोडूं नयेत. आणि ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानें शाळा, रुग्णालयें, स्थानकें अशा ठिकाणचीं कुत्रीं हलवून आश्रयस्थानांत ठेवावयास सांगितलें. चावलेल्या मुलाची बाजू न्यायालयानें मनावर घेतली याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती 'आक्रमक' हा शब्द आपण ज्या सैलपणें वापरतों त्याबद्दल. कालपर्यंत ती एक शिवी होती. आज ती एका जीवाला जन्मभर पिंजऱ्यांत घालणारी शिक्षा झाली आहे. नुकतीं पिलें झालेली कुत्री जिन्याखालून गुरगुरली म्हणून ती आक्रमक ठरावी, हें न्यायाच्या कोणत्याहि व्याख्येंत बसणारें नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण कोठल्या ना कोठल्या सोसायटीचे सभासद आहेत, आणि आज ना उद्यां त्यांच्या सभेपुढें अमक्या मजल्यावरचा कुत्रा काढून टाकण्याचा ठराव येणार आहे. बहुमतानेंहि अशी बंदी घालतां येत नाहीं, असें केंद्राच्या पशुकल्याण मंडळानें २०१५ सालींच सोसायट्यांना कळविलें आहे. पण कायद्याचा तो कागद फडकावून त्या सभेंत कोणाचें समाधान होणार नाहीं. त्यापेक्षां उभें राहून विचारावें, कीं कुत्रा चावला तो कोणत्या वेळीं आणि कोणत्या जागीं. त्याआधीं लिफ्टमध्यें कोण कोणाला ढकलीत होतें. तो दिवसांतून किती तास एकटा असतो. त्याच्या कंबरेला डॉक्टरचा हात शेवटचा केव्हां लागला. आणि ज्या मुलाला दांत लागला त्याची जखम साबणपाण्यानें पंधरा मिनिटें धुतली होती ना, आणि लसीची पुढची सुई कोणत्या तारखेला आहे.